आरोग्य-चिंतन : अक्कलदाढ, आहार आणि आपले नियम



साधारण १७ ते २५ या वयात जबड्याच्या अगदी मागे अक्कलदाढा येतात. जागा पुरेशी असली तर त्या मुकाट्याने उगवतात आणि त्यांना हात लावण्याचे कारण नसते. जागा अपुरी असली की दाढ आडवी राहते किंवा अर्धीच बाहेर येते. तिच्यावरच्या हिरडीखाली अन्नकण अडकतात, सूज येते, पू होतो, शेजारची चांगली दाढही किडू लागते. अशा वेळी दंतवैद्य ती काढण्याचा सल्ला देतात. शस्त्रक्रिया बहुधा तासाभरात आटोपते. खरी कसोटी पुढच्या आठवड्याची असते.

दवाखान्यातून मिळणाऱ्या सूचनापत्रात उकडलेला बटाटा, गाजराचे सूप, अंडे, आइस्क्रीम असे पदार्थ लिहिलेले असतात. आपल्या घरांत ते पत्र बाजूला ठेवले जाते आणि रुग्ण दोन दिवस चहा-दुधावर काढतो. वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी घेतल्याने पोटात आग होते. सूर्यास्तानंतरची प्रतिजैविकाची मात्रा गुपचूप चुकवली जाते, आणि डॉक्टरांना यातले काहीच ठाऊक नसते. जखम चिघळते ती या मौनामुळे. म्हणून पहिली गोष्ट ही की, आपले नियम शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना स्पष्ट सांगावेत.

काय सांगावे? एक, आपण रात्री अन्न घेत नाही. दर आठ तासांनी घ्यावयाच्या औषधाऐवजी दिवसातून दोनदा घेण्याजोगे औषध चालेल का, हे त्यांना ठरवू द्यावे. दोन, कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते; त्याऐवजी गोळी मागावी. तीन, टाके घालण्यासाठी अनेक ठिकाणी अजूनही रेशमी धागा वापरतात. कृत्रिम धाग्याची विनंती करावी. चार, रक्त थांबवण्यासाठी कधी जिलेटिनचा स्पंज ठेवतात. त्याला वनस्पतिजन्य सेल्युलोजचा पर्याय असतो. बहुतेक डॉक्टर हे आनंदाने मान्य करतात. मात्र ऐनवेळी रक्तस्राव थांबत नसेल, तर निर्णय त्यांचाच राहू द्यावा. मधुमेह, रक्तदाब किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर तेही आवर्जून सांगावे.

वेळ सकाळची मागावी. फक्त जागेवर बधिरता देऊन दाढ काढणार असतील, तर नवकारशीनंतर नीट खाऊन जाता येते. पूर्ण भूल देणार असतील तर उपाशी राहण्याची सूचना काटेकोर पाळावी. बधिरता काही तासांत उतरते. दुपारपर्यंत रक्त थांबल्याची खात्री होते आणि सूर्यास्तापूर्वी दोन वेळा थोडे थोडे खाता येते. पर्युषण, दशलक्षण, आयंबिलाची ओळी किंवा मोठी तपश्चर्या जवळ असेल तर तारीख आधीची किंवा नंतरची घ्यावी. जखम भरण्यासाठी पोषण आणि भरपूर पाणी लागते. पू आणि ताप असताना मात्र तारखांचा हिशेब करत बसू नये.

चौविहार पाळणाऱ्यांनी त्या दिवसांपुरता तिविहार किंवा दुविहार घ्यावा का, हे गुरुमहाराजांना विचारावे. प्रत्याख्यानात आगार ठेवलेले आहेत, आणि तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषधाचा विचार त्यात आहे. विचारून घेतलेली सवलत ही नियमाच्या आतलीच असते.

आता स्वयंपाकघराकडे वळू. दाढ काढलेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. तीच जखमेचे झाकण असते. ती निघाली तर दोन-चार दिवसांनी कानापर्यंत जाणारी तीव्र कळ सुरू होते. म्हणून नळीने काही ओढून पिऊ नये, जोराने थुंकू नये, आणि पहिले २४ तास चूळ भरू नये. तंबाखू आणि सुपारी पूर्ण वर्ज्य. गालाला बाहेरून थंडावा द्यावयाचा असतो. बर्फ वापरायचा नसेल तर शीतकपाटात ठेवलेली जेलची पिशवी पुरते.

पहिल्या दिवशी गार किंवा कोमट तेवढेच घ्यावे : उकळून निववलेले पाणी, दूध, तांदळाची पेज, मुगाचे गाळलेले पाणी, गव्हाच्या पिठाची तुपातली राब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुधीचे किंवा लाल भोपळ्याचे दाट सूप, पातळ शिरा, कुस्करलेले केळे, आणि बटाट्याऐवजी उकडून मळलेले कच्चे केळे. ताक घेणाऱ्यांनी द्विदलाचे भान ठेवून ते मुगाच्या पदार्थांपासून वेगळ्या वेळी घ्यावे. तिथीला हिरवी भाजी नसेल तर राब, शिरा, मूग आणि दूध पुरेसे आहे. चौथ्या दिवसापासून मऊ खिचडी, दलिया, वरणात भिजवलेली पोळी. शिळे चालत नाही, म्हणून एकेका वाटीपुरतेच ताजे करावे. घरातील बायकांवरचा हा भार इतरांनीही वाटून घ्यावा. खाकरा, पापड, चिवडा, तीळ, खसखस आणि जेवणानंतरचा मुखवास निदान आठवडाभर दूर ठेवावा. त्यांचे कण खड्ड्यात रुततात.

दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याची हलकी चूळ घ्यावी. पेढीवर जाण्याची घाई नको; सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते, आणि ओझे उचलल्याने रक्त पुन्हा सुरू होऊ शकते.

रक्त थांबेना, ताप आला, गिळणे कठीण झाले, ओठाची बधिरता दुसऱ्या दिवशीही उतरली नाही, किंवा तिसऱ्या दिवसानंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रात्र असली तरी फोन करण्यास कोणताही नियम आड येत नाही.