विश्लेषण : टर्नर सिंड्रोममध्ये वाढीच्या इंजेक्शनचा उपयोग किती?

‘आई बुटकी, म्हणून मुलगीही बुटकी’ किंवा ‘वयात आली की वाढेल’ असे म्हणत मुलीच्या खुंटलेल्या उंचीकडे अनेकदा दुर्लक्ष होते. टर्नर सिंड्रोममध्ये हीच दिरंगाई महागात पडते.

टर्नर सिंड्रोम म्हणजे काय?
मुलींच्या पेशींत सहसा दोन एक्स गुणसूत्रे असतात. या स्थितीत त्यांपैकी एक पूर्णतः किंवा अंशतः नसते. साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला ती असते. हाडांच्या वाढीला लागणाऱ्या ‘शॉक्स’ जनुकाची एक प्रत कमी पडते. उपचारांविना प्रौढपणी उंची सरासरीपेक्षा सुमारे २० सेंटीमीटर कमी राहते.

वाढीचे हार्मोन का देतात?
बहुतेकींच्या शरीरात हे हार्मोन पुरेसे असते. पण हाडे त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. म्हणून ते जादा मात्रेत, रोज त्वचेखाली टोचून, अनेक वर्षे दिले जाते. अमेरिकेत या वापराला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. कॅनडातील एका चाचणीत उपचार घेतलेल्या मुली न घेतलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे ७ सेंटीमीटर उंच झाल्या. म्हणजे फायदा निश्चित, पण मर्यादित.

वय का महत्त्वाचे?
चार ते सहा वर्षांच्या सुमारास उपचार सुरू करणे योग्य मानले जाते. हाडांची टोके जुळली, की इंजेक्शनचा उपयोग उरत नाही. अनेक मुलींचे निदान मात्र पाळी न आल्यावरच होते. पाळी व वयात येण्यासाठी लागणारे इस्ट्रोजेन वेगळे. ते साधारण ११-१२ व्या वर्षापासून अल्प मात्रेत देतात.

खर्चाचे काय?
मात्रा वजनावर ठरत असल्याने मुलीबरोबर खर्चही वाढतो. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात टर्नरसाठीच्या या उपचाराचा समावेश आहे. २०२२ च्या बदलानुसार निवडक केंद्रांत ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांपैकी एक.

पालकांनी काय करावे?
दर सहा महिन्यांनी उंची मोजून वाढीच्या आलेखावर नोंदवावी. रेषा सतत खाली घसरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून कॅरिओटाइप या रक्ततपासणीबाबत विचारावे. निदान झाल्यास हृदय, मूत्रपिंड आणि श्रवणशक्तीही तपासावी लागते. औषध आहे, मदतीची तरतूदही आहे. पण हातून गेलेली वाढीची वर्षे मात्र परत मिळत नाहीत.