शस्त्र पूजिले, शस्त्रधाऱ्याचे काय?

विजयादशमीस घरोघरी आयुधांची व अवजारांची पूजा होते. राज्यातील पोलीस मुख्यालयांतही या दिवशी शस्त्रपूजनाचा प्रघात आहे. पूजा शस्त्राची होते. ते धारण करणाऱ्याचा विचार मात्र मागे पडतो.

महाराष्ट्र पोलीस दलाचे ब्रीद 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' असे आहे. दोन्ही पदे चतुर्थी विभक्तीत आहेत. चतुर्थी हेतू सांगते. परंतु हेतू सिद्धीस जाण्यास कर्ता हवा आणि करण, म्हणजे साधनही हवे. ही दोन्ही ब्रीदात अध्याहृत आहेत. ती पुरविण्याचा भार शासनावर व समाजावर आहे.

प्रथम कर्त्याचा विचार करू. 2024 सालच्या भरतीत राज्यात 17,471 जागांसाठी 17 लाखांहून अधिक अर्ज आले; एका जागेमागे सुमारे शंभर. जिल्हा पोलीस शिपायास 1600 मीटर, तर राज्य राखीव दलाच्या उमेदवारास 5 किलोमीटर धावावे लागते. शिवाय लेखी परीक्षा आहेच. थेट उपनिरीक्षक व्हावयाचे तर पदवी, लोकसेवा आयोगाच्या परीक्षा, शारीरिक चाचणी, मुलाखत आणि त्यानंतर नाशिकच्या अकादमीतील प्रशिक्षण. कसोटी कठीण असावी, याविषयी दुमत नाही. परंतु त्याच वर्षी जून महिन्यात ठाणे जिल्ह्यातील बाळेगाव येथे राखीव दलाच्या भरतीत धावल्यानंतर जळगाव जिल्ह्यातील एक तरुण मरण पावला. खान्देशातील शेतकऱ्याची मुले रात्रभर प्रवास करून, मिळेल तेथे पथारी टाकून पहाटे मैदानात उतरतात. त्यांची परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांच्या प्राणांची काळजीही वाहिली पाहिजे.

आता करणाचा विचार. चोपडा तालुक्याच्या सीमेलगतचा उमर्टी परिसर गावठी पिस्तुलांसाठी कुप्रसिद्ध आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये तेथे कारवाईस गेलेल्या जळगावच्या पोलीस पथकावर जमावाने हल्ला केला आणि एका कर्मचाऱ्यास मध्य प्रदेशाच्या हद्दीत ओढून नेले. पुढे त्यांची सुटका झाली, हे सुदैव. मुंबईत 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री साहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अतिरेक्याची बंदूक केवळ हातांनी घट्ट धरून ठेवली आणि देह ठेवला. राष्ट्राने त्यांना अशोकचक्र दिले. त्या हल्ल्यानंतर नेमलेल्या प्रधान समितीने पोलिसांच्या नेमबाजीच्या सरावातील उणीवही दाखविली होती. ओंबळे यांचे शौर्य वंदनीयच. पण साधनांची उणीव प्राण देऊन भरून काढणे, हा राज्याचा नेम होऊ नये.

आमचे मागणे थोडके आहे. धावण्याच्या चाचण्या थंडीच्या दिवसांत व्हाव्यात. मैदानावर डॉक्टर व रुग्णवाहिका सज्ज असावी. परगावच्या उमेदवारांस निवारा मिळावा. सीमेवर जाणाऱ्या पथकास संरक्षक जाकीट, शिरस्त्राण व पुरेसे मनुष्यबळ द्यावे आणि अशी कारवाई उभय राज्यांच्या पोलिसांनी मिळून करावी. धुळ्यास राखीव दलाचा गट व पोलीस प्रशिक्षण केंद्र दोन्ही आहेत. या सुधारणांचा आरंभ तेथून करणे सहज शक्य आहे.

दसऱ्याच्या आगेमागे, 21 ऑक्टोबरला, पोलीस स्मृतिदिनी वर्षभरातील हुतात्म्यांची नावे वाचली जातात. ती यादी आखूड होत जावी, हेच शस्त्रपूजनाचे फळ आम्ही मागतो.