पवनारची शिल्पं पवनारातच राहू द्या

विनोबा भाव्यांच्या पवनारच्या आश्रमातली वाकाटककालीन शिल्पं उचलून एखाद्या मोठ्या संग्रहालयात ठेवावीत, असं मला अधूनमधून ऐकवलं जातं. मी वर्ध्यात इतिहास शिकवते, पोरांना घेऊन धाम नदीच्या काठी पवनारला जात असते, म्हणून हा विषय माझ्यापर्यंत येतो. माझं म्हणणं ठाम आहे : ती आहेत तिथेच राहू द्या.

हलवा म्हणणाऱ्यांच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम दाखला सिरियातला आहे आणि तो टाळून चालणार नाही. युफ्रेटिसकाठच्या दुरा-युरोपोस शहरात इ.स. २४०च्या सुमारास एका राहत्या घराचं चर्च झालं. एका खोलीत बाप्तिस्म्याचा हौद आणि त्यामागच्या भिंतीवर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ. इराणच्या सासानी फौजेच्या भीतीने रोमन सैन्याने तटाला लागून मातीचा भराव घातला, त्यात हे घर गाडलं गेलं. २५६च्या सुमारास शहर पडलं, भिंती मात्र मातीखाली वाचल्या. १९३०च्या दशकात उत्खननात निघालेली ती चित्रं अमेरिकेत येल विद्यापीठात गेली. पुढे सिरियातल्या युद्धात चोरांनी खड्डे खणून त्या शहराची चाळण केली. चित्रं तिथेच असती तर बहुधा आज उरली नसती, हे मला मान्य आहे.

पवनारवर तशी वेळ आलेली नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना विनोबांनी राम-भरताच्या भेटीचं चित्र शब्दांत उभं केलं होतं. १९३८ मध्ये ते पवनारला आले आणि इथे जमीन खणताना दगडात कोरलेली तीच भेट त्यांच्या हाती आली. त्यांनी ती आश्रमात बसवली. १९५९ पासून आश्रमातल्या ब्रह्मविद्या मंदिराच्या बहिणी ती जपत आल्या आहेत. मी पोरांना म्हणते, जवळ जा, पण हात लावू नका. दगड झिजलाय, तरी दोघा भावांची जवळीक कळते, आणि मान वळवली की नदी दिसते. काचेच्या पेटीत हे कुठून मिळणार?

इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी पवनार म्हणजे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असं मांडलं. रामटेकजवळच्या मनसरला उत्खनन झाल्यावर काही अभ्यासक प्रवरपूर तिकडे नेतात. वाद खुशाल चालू द्या. पण तो सुटायचा तर पुरावा शिल्लक हवा, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. १९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी इथे उत्खनन केलं. बाकीचं जुनं नगर आजच्या गावाखाली आणि शेतांखाली आहे. जोत्यासाठी खणताना निघालेलं खापर किंवा वीट मलब्यात गेली, की ती कोणत्या थरातली हे पुन्हा कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून ग्रामपंचायतीने बांधकामाआधी पुरातत्त्व विभागाला कळवायची पद्धत पाडावी. प्रत्येक शिल्पाची मोजमापांसह छायाचित्रं घेऊन मराठीत नोंदवही व्हावी. सापडेल ते ठेवायला गावातच एक खोली हवी, आणि तिचा खर्च जिल्हा नियोजन समितीने यंदाच्या आराखड्यात धरावा.