टेनिसचे फटके आणि आर्थर अ‍ॅश

टीव्हीवर टेनिस लागले की समालोचक ‘स्लाइस’, ‘लॉब’ म्हणत राहतो आणि घरातली मंडळी चॅनेल बदलतात. शब्द कळले नाहीत की खेळ परका वाटतो. म्हणून आम्ही एकच सामना घेतो: विम्बल्डनची १९७५ ची अंतिम लढत.

एकीकडे जिमी कॉनर्स, गतविजेता. दुसरीकडे कृष्णवर्णीय आर्थर अ‍ॅश, अमेरिकेतल्या रिचमंडचा. वडील काळ्यांसाठी वेगळ्या राखलेल्या मैदानाचे रखवालदार. गोऱ्यांच्या कोर्टांवर लहानग्या आर्थरला मज्जाव. (मज्जाव म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.)

वेगाने आलेला चेंडू आणखी वेगाने परतवणे ही कॉनर्सची ताकद. अ‍ॅशने त्याला वेगच दिला नाही. रॅकेट चेंडूखालून कापत नेली की चेंडू उलटा फिरतो आणि गवतावर फारसा उसळत नाही, हा स्लाइस. असे मऊ, खुजे चेंडू त्याने कॉनर्सच्या फोरहँडला दिले, म्हणजे तळहात पुढे ठेवून मारायच्या बाजूला. हाताची पाठ पुढे येते तो बॅकहँड. डावखुऱ्या कॉनर्सचा तो दोन्ही हातांचा, म्हणून पोच कमी. अ‍ॅशची सर्व्हिस नेमकी तिकडेच वळून बाहेर जाई. कॉनर्स जाळीकडे धावला की डोक्यावरून उंच चेंडू, तो लॉब. आम्हाला तर ही अक्कलहुशारी कुठल्याही जोरकस फटक्यापेक्षा भावते.

निकाल ६-१, ६-१, ५-७, ६-४. विम्बल्डनची पुरुष एकेरी जिंकणारा अ‍ॅश हा पहिला कृष्णवर्णीय.

व्हॉली आणि टॉपस्पिन पुढच्या अंकी.