आधी दाब बघा, मग मोटार

सुमारे ७५० किलोमीटरवरच्या चंद्रपूरहून ५०० किलोव्होल्टची वीज भिवंडी तालुक्यात पडघ्याला येते. पण शेवटच्या खांबावरच्या पंपाला दाब पुरेलच याची खात्री नाही. आणि त्यात थोडा दोष आपलाही आहे!

रात्री ऑटो स्विच लावून आपण निवांत झोपतो. वीज येताच डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकदम उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. ४१५ व्होल्टचा दाब ३३२ वर, म्हणजे ८० टक्क्यांवर आला, तर मोटारीचा जोर ६४ टक्केच उरतो. मग ती नुसती गुणगुणते, तापते आणि जळते. कधी डीपीही जाते आणि भाजीचा मळा डोळ्यांदेखत सुकतो.

दाब मोजून, थोडं थांबून मोटार सुरू करणारे स्टार्टर मिळतात. पण भार नसताना दाब चांगलाच दिसतो, तो फसवा. म्हणून मोटार उठतानाही दाब पाहणारा, तो सावरला नाही तर मोटार तोडणारा स्टार्टर घ्यावा. एका डीपीवरच्यांनी थांबण्याची वेळ वेगवेगळी लावावी. पहिल्याने एक मिनिट, दुसऱ्याने दोन. सरपंचांनी हे ग्रामसभेत ठरवून घ्यावं. डीपी साऱ्यांची, मग शिस्तही साऱ्यांनीच पाळायला नको का?