कुंकवाचा मान कोणाचा?

संक्रांत जवळ आली की मंडईत सुगडांच्या राशी लागतात. ऊस, बोरं, गाजरं, हरभऱ्याचे घाटे एका फेरीत मिळतात आणि पलीकडे तुळशीबागेत वाणाच्या वस्तू. मग रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू. बोलवायचं कोणाला, वाण काय लुटायचं, सगळं बायकाच ठरवतात. पुरुषांची लुडबुड नाही. आणि तरी तिथे मान कोणाला, तर जिचा नवरा हयात आहे तिला!

हे गेल्यापासून चार वर्षं मला आमंत्रण येतं ते "नंतर तिळगूळ घ्यायला या" असं. बोलावणाऱ्या मुली माझ्या हाताखाली शिकलेल्या. राग नाही येत त्यांचा, पण त्या 'नंतर'चा येतो.

भाची कॅलगरीला असते. तिच्यामुळे तिकडच्या ब्लॅकफूट लोकांबद्दल वाचत असते. त्यांच्यातल्या कायनाई जमातीत 'मोतोकी' नावाचं बायकांचं मंडळ आहे. त्यांचे डोक्यावर घालायचे पवित्र साज असतात. ते विधीपूर्वक एकीकडून दुसरीकडे सोपवले जातात. जिने सोपवला ती अपशकुनी ठरत नाही. उलट ती जाणती होते, पुढचीला शिकवते. (अशा कितीतरी वस्तू संग्रहालयांत जाऊन पडल्या होत्या. त्या परत देण्यासाठी अल्बर्टा प्रांताने २००० साली कायदाच केला.) आपल्याकडे मात्र साज सोपवत नाहीत, उतरवून घेतात.

"मग बंदच करा की हळदीकुंकू," असं आमचे पुरोगामी मित्र म्हणतात. मला नाही पटत. आमच्या आयांना घराबाहेर पडायला तेवढंच तर निमित्त होतं. आणि हल्ली 'विधवांसाठी खास हळदीकुंकू' करतात, फोटोबिटो काढून. हेतू चांगला असेल हो, पण पंगत वेगळीच ना?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२मध्ये ग्रामसभेत ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. एका खेड्याला जमलं! आपल्या पुण्यात तर केशवपनाविरुद्ध फुले दीडशे वर्षांपूर्वी उभे राहिले, विधवांच्या बाळंतपणासाठी जोतीराव-सावित्रीबाईंनी घर उघडलं. मंडईच्या इमारतीवरच्या खर्चाला त्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, आणि आज तिलाच त्यांचं नाव आहे. त्या नावाखाली आपण सुगडं घेतो नि घरी येऊन 'सवाष्णींची' यादी करतो.

घरातल्या हळदीकुंकवाला ठराव लागत नाही, यादी आपल्याच हातात असते. यंदा माझ्याकडे आहे, रविवारी संध्याकाळी पाचला. सगळ्या जणी या, एकाच वेळी. कुंकू मी लावणार, आणि मलाही कोणीतरी लावा. वाण काय द्यावं ते अजून ठरत नाहीये, काही सुचलं तर कळवा.