पंगतीने गाव एक होत नाही

जुनी मढी उकरू नका, त्याने गाव दुभंगतं. चार सण मिळून करा, एका पंगतीला बसा, मनं आपोआप जुळतील, असा उपदेश हल्ली पुन्हा जोरात चालू आहे. हे सांगणाऱ्यांच्या लेखी भेदाभेद कधीच संपला आणि उरले ते फक्त त्याची आठवण काढणारे. असा उपदेश बहुधा ज्याच्या दारात नळ असतो तोच करतो.

गप्प बसून भेद मिटत असता, तर महाडला सत्याग्रहाची वेळच आली नसती. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला, पाठोपाठ महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं केलं. ते कागदावरच राहिलं. गावात शांतता होती, कारण पाण्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकर तळ्यात उतरून ओंजळभर पाणी प्यायले आणि त्या शांततेचं खरं रूप त्याच दिवशी बाहेर आलं. सत्याग्रहींना मारहाण झाली, मग शेण-गोमूत्र ओतून तळ्याची ‘शुद्धी’ झाली, आणि नगरपालिकेने वर्ष सरायच्या आत आपलाच ठराव फिरवला. प्रकरण कोर्टात गेलं; अस्पृश्यांना अडवण्याची प्रथा सिद्ध होत नाही, हा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडला. सत्याग्रहाने महाड फुटलं असं म्हणणाऱ्यांनी सांगावं, त्याआधी ते एकसंध कुठे होतं? पुढे घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद केली, तरीही १९७२च्या दुष्काळाच्या सुमारास सामाजिक कार्यकर्ते बाबा आढावांना ‘एक गाव, एक पाणवठा’ म्हणत गावोगाव फिरावं लागलं. त्या गावांत जत्रा भरत होत्या, पालख्या निघत होत्या. पण दलित वस्तीतली बाई रिकामा हंडा घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची, कुणाला दया येऊन पोहरा तिच्या हंड्यात वरून रिकामा होईपर्यंत. पाणी मिळायचं, पण विहीर तिची नव्हती. सहभोजनं की हक्क, हा वादही शंभरेक वर्षं जुना आहे. पान वाढणारा यजमान आणि जेवणारा पाहुणा हे नातं पंगतीत तसंच राहतं, आणि स्वतःच्या गावात जन्मभर पाहुणा म्हणून राहणं हेच तर मूळ दुखणं आहे. जात विचारूच नका म्हणता? अनेक गावांत स्मशानं अजून वेगळी आहेत, तिथे विचारतातच. कायद्याने मनं बदलत नाहीत हे खरं, पण अडवणारा हात तरी खाली येतो.

आपलेपणा सामायिक मालकीतून येतो. ग्रामसभा एकदा देवळासमोर होत असेल, तर पुढची वस्तीतल्या समाजमंदिरात घ्या. स्मशानभूमी एकच ठेवा, तिची शेड आणि रस्ता गावाच्या निधीतून होऊ द्या. उन्हाळ्यात टँकर आधी कुठल्या आळीत जाणार, हे सरपंचाच्या ओसरीवर नाही, ग्रामसभेत ठरू द्या आणि तो क्रम ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. यावर भांडणं होतील, आवाज चढतील. ती होऊ द्यावीत. त्या बैठकीत वस्तीतली बाई उठून आपला नंबर मागू शकली पाहिजे.